एक सूत जास्त

कतारमध्ये पायी चालणाऱ्या माणसाकडे लोक काळजीने बघतात. गाडी बिघडली का, असं विचारतात. आम्ही दोह्याच्या अल सद्द भागात राहायला आलो तेव्हा खालच्या दुकानातून दही आणायलाही मी नवऱ्याला गाडी काढायला लावत असे, आणि वर त्यालाच आळशी म्हणत असे. अशा देशात मला ट्रामच्या कामावर नोकरी लागली. स्टॉपचे फलाट रुळांपासून किती अंतरावर आणि किती उंचीवर हवेत, हे बघायचं काम. मनात म्हटलं, बांधा बाबांनो, पगार वेळेवर द्या. पण यात बसणार कोण?

माझा वरिष्ठ इंग्रज होता, पासष्टीच्या पुढचा. ऑफिसात सगळे त्याला नावाने हाक मारत. मला नाशिकच्या संस्कारांमुळे ते कधी जमलं नाही. मी 'सर' म्हणे आणि तो दर वेळी कपाळाला आठी घाले. मनात मात्र मी त्याला म्हातारा म्हणत असे, आणि इथेही तेच म्हणणार आहे.

म्हाताऱ्याच्या गावात पूर्वी ट्राम होती. तो लहान असताना ती बंद झाली आणि रुळांवर डांबर ओतलं गेलं. मोठेपणी त्याने ठरवलं की ती परत आणायची. तीस वर्षं तो दर शनिवारी बाजाराच्या चौकात उभा राहून ट्रामची पत्रकं वाटत होता. लोक पत्रक घेत, गोड हसत आणि पुढच्या कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकत. संध्याकाळी हा त्या डब्यातून न चुरगळलेली पत्रकं वेचून पुढच्या शनिवारसाठी घरी नेई. हे त्याने मला जेवताना सांगितलं, अगदी काल काय खाल्लं ते सांगावं तसं. मला आधी हसू आलं, मग मी डब्याचं झाकण लावलं. नगरपालिकेने दर वेळी एक समिती नेमली. ट्राम काही आली नाही.

मी शहाणपणा केला. "पण सर, गावात बस होतीच की."

"बस आहे," तो म्हणाला. "माझी बायको बारा वर्षं व्हीलचेअरवर आहे. बस थांबते, ड्रायव्हर उतरतो, फळी काढून लावतो. अख्खी बस घड्याळाकडे बघते. ती आत जाते आणि प्रत्येकाला सॉरी म्हणते, प्रत्येकाला थँक्यू म्हणते. शेवटी तिने बाहेर जाणंच सोडलं." मग सँडविचचा कागद नीट घडी घालत म्हणाला, "मी रिटायर झालो होतो. इथे फक्त एवढ्यासाठी आलो. तिला एकदा तरी कुणालाही थँक्यू न म्हणता आत जाताना बघायचंय."

त्या दिवसापासून फलाट आणि ट्रामचं दार यांच्यामधल्या फटीकडे मी वेगळ्या डोळ्यांनी बघू लागले. दोघांची पातळी एकच, मध्ये दोन बोटांची फट. ती वाढली तर खुर्चीची पुढची बारकी चाकं अडकणार. मग फळी आली, फळी लावणारा माणूस आला आणि थँक्यूही आलं. कमी झाली तर ट्राम फलाटाच्या दगडी कडेला घासणार. माणसाचं बाहेर जाणं-न जाणं दोन बोटांवर टांगलेलं असतं, हे मला तोवर कुणी शिकवलं नव्हतं.

ट्राम पहिल्यांदा रुळांवर आणतात तेव्हा ती स्वतःच्या जोरावर जात नाही. दुसरी गाडी तिला माणसाच्या चालीने ओढत नेते आणि तिच्या दोन्ही अंगांना, धावताना ती जेवढी डोलेल तेवढ्या मापात कापलेला थर्माकोल लावलेला असतो. तो जिथे घासेल तिथे काहीतरी पुढे आलंय असं समजायचं. लेझरने सगळं आधी मोजलेलं असतंच. "पण लेझरवर ओरखडा उमटत नाही," म्हातारा म्हणे, "आणि ओरखडा खोटं बोलत नाही."

आमचा थर्माकोल बाहेरून तयार होऊन आला तो तुकडे होऊनच. नवा मागवायचा तर महिना जाणार. मीटिंगमध्ये सगळे एकमेकांकडे बघत असताना माझ्या तोंडून निघून गेलं, "मी कापते."

त्यात बढाई होती, नाही कशाला म्हणू? आमच्या घरी गणपतीचं मखर कधी विकत आणलं नाही. बाबा थर्माकोल कापायचे आणि दहाव्या वर्षापासून मी त्यांच्या हाताखाली. दोह्यातही आमच्या बिल्डिंगमधली तीन मखरं मीच करते. दोन संध्याकाळी मी जेवणाचं टेबल अडवलं, ट्रामच्या मापाने पेन्सिलची रेघ मारली आणि तापलेल्या तारेने तुकडे कापले. मुलीने वाकून बघितलं. "आई, इज इट फॉर बाप्पा?"

"नाही गं, ट्रामसाठी."

"बट इट्स नॉट इव्हन डेकोरेटेड," असं म्हणून ती निघून गेली.

चाचणीच्या आदल्या दिवशी मी दुसऱ्या साइटवर होते. थर्माकोल फोरमनने लावून टाकला. पहाटे आम्ही सगळे पहिल्या स्टॉपवर उभे राहिलो. समुद्राकडून दमट वारा येत होता आणि अंगावर पांढरे ठोकळे चिकटवलेली ती लांबलचक ट्राम संथपणे आमच्याकडे सरकत होती. फलाटाच्या कडेशी आली आणि कर्र असा आवाज झाला. काळ्या दगडावर पांढरा भुगा सांडला.

फोरमन म्हणाला, "मॅडम, पत्थर आगे आया है. सब स्टॉप एक ही नाप के हैं. सब काट देंगे, खलास."

म्हातारा गुडघे टेकून खाली बसला आणि त्याने दोन बोटं फटीत घातली. बराच वेळ ती बाहेर काढली नाहीत. लेझर म्हणत होता दगड बरोबर आहे, पण ओरखडा समोर होता आणि ओरखड्याबद्दलचं ते वाक्य त्याचंच होतं. कड कापायची तर मशीनवाले बेतानेच कापतील असं नाही. सुरक्षित म्हणून चांगलं बोटभर कापतील, आणि दोन बोटांची फट तीन बोटांची होईल. उठताना त्याने माझा हात धरला. "कापायला सांग," म्हणाला. त्याची बायको चार महिन्यांनी यायची होती.

रिपोर्टसाठी फोटो हवा म्हणून मी घासलेला ठोकळा टेबलावर घेतला. पेन्सिलची रेघ शाबूत होती. ओरखडा रेघेच्या बाहेरच संपला होता. ठोकळा सगळीकडे रेघेपेक्षा एक सूत जास्त होता, म्हणजे इंचाचा आठवा भाग. बाबांचा नियम: खुणेच्या बाहेर एक सूत जास्त ठेवायचं, बसवताना पॉलिशपेपरने घासायचं. घासून कमी करता येतं, वाढवता येत नाही. माझ्या हातांनी मला न विचारता मखर कापलं होतं. बसवायला मी नव्हते, आणि फोरमनला कुठून माहीत असणार की आमच्यात घासायचं शेवटी असतं?

खरं सांगते, पाच मिनिटं मी तो ठोकळा मोडून टाकायचा विचार केला. कुणाला कळलं नसतं. पुढच्या महिन्यात माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचं होतं आणि भर मीटिंगमध्ये बढाई मारलेली होती. पण बाबांचा नियम दगडालाही लागू होता. एकदा कापलेली कड कोण जोडून देणार? मी ठोकळा उचलला आणि म्हाताऱ्यासमोर ठेवला.

"चूक दगडाची नाही, सर. माझी आहे." मग मखर, बाबा, सूत, सगळं सांगितलं. इंग्रजीत ते फारच वेड्यासारखं वाटत होतं.

त्याने रेघेवरून अंगठा फिरवला. चिडेल असं वाटलं होतं. त्याने आधी फोन उचलून मशीन थांबवायला सांगितलं. मग खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले. "तुझे वडील इंजिनिअर होते?"

"नाही सर. पोस्टात होते."

"शहाणा माणूस," तो म्हणाला. "आता जा आणि घास."

मी फलाटावर उकिडवी बसून सगळ्या कामगारांदेखत ठोकळे रेघेपर्यंत घासले. ओढणी, केस, पापण्या, सगळं पांढरं. दुसऱ्या पहाटे ट्राम पुन्हा आली. एवढं अवजड धूड दगडाच्या कडेजवळून पुढे सरकत राहिलं, आणि आवाज नाही. भुगा नाही. एक दार गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं, आणि फट दोन बोटांची ती दोन बोटांचीच. देवळात गेल्यावर मला कधी इतकं गप्प व्हायला झालेलं नाही. कुणीतरी कुठेतरी ठरवलं होतं की चढायला पायरीच नको, आणि लोखंड आणि दगड दोघांनी ते ऐकलं होतं. यात बसणार कोण, असं मी पुन्हा कधी विचारलं नाही.

ट्राम लोकांसाठी सुरू झाली तेव्हा त्याची बायको आली. बारीक चणीची, पांढऱ्या केसांची. आम्ही तिघं त्याच स्टॉपवर थांबलो होतो. ट्राम आली, दारं उघडली. म्हाताऱ्याने दोन्ही हात पँटच्या खिशात घातले. तो ते तिथे दाबून धरत होता, हे मला कोपरांवरून दिसत होतं. तिने चाकं ढकलली. पुढची बारकी चाकं गेली, मागची मोठी गेली. ती आत होती. तिने सवयीने मान वळवून थँक्यू म्हणायला माणूस शोधला. कुणीच नव्हतं.

मग दारं मिटली. आम्ही दोघं फलाटावरच राहिलो होतो. आत शिरायचं आम्हाला सुचलंच नव्हतं.

"ती कुठे उतरेल?" त्याने मला विचारलं. मला काय माहीत? फोन करा म्हटलं, तर तिची पर्स त्याच्याच खांद्यावर होती. चार ट्राम आल्या आणि गेल्या. तो घाबरला होता, आणि तरी एका जागेवरून हलत नव्हता. पाऊण तासाने समोरच्या फलाटावर ती उतरली, एकटीच. रूळ ओलांडून आमच्यापाशी आली. चेहरा उन्हाने लाल झाला होता.

"कुठे गेली होतीस?" त्याने विचारलं.

"सांगणार नाही," ती म्हणाली. "बारा वर्षं कुठेही जायचं तर तुला सांगूनच जावं लागत होतं."