ओव्हरटाइमचा पब

आमचे चिरंजीव दर शुक्रवारी ओव्हरटाइम करतात, असं सूनबाईंनी मला सांगितलं तेव्हा मी गंभीर चेहरा करून मान हलवली. जन्मभर मी चिपळूणला शाळेत पी.टी.चा मास्तर होतो. कोणता पोरगा तंबाखू मळून आलाय, ते मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून सांगत असे. ओव्हरटाइम करून आलेला माणूस दमलेला दिसतो, चहा मागतो, कंपनीला शिव्या घालतो. आमचे चिरंजीव मात्र दार उघडून भिंतीच्या कडेकडेने थेट बाथरूममध्ये जात, दात घासत, आणि मग बडीशेप चघळत माझ्यापासून चार हात लांब बसत. वय चाळिशीच्या पुढे, दुबईजवळच्या हमरिया फ्री झोनमधल्या फॅक्टरीत मॅनेजर, हाताखाली ढीगभर माणसं.

आता यात मला काही वावगं वाटत नव्हतं. बापासमोर प्यायची नाही, ही आमच्याकडची पद्धतच आहे. बापाला सगळं ठाऊक असतं, बापाला ठाऊक आहे हे मुलाला ठाऊक असतं, आणि दोघंही मूग गिळून बसतात. मी स्वतः बाप झाल्यावरही माझ्या वडिलांसमोर साधं पान खाल्लं नाही. मर्यादा पाळणाऱ्या मुलाचा मला रागच यायचा नाही, उलट थोडा अभिमान वाटायचा.

मला खटकत होतं ते वेगळं. हिला जाऊन दोन वर्षं होत आली. तेव्हापासून मुलाने धोशा लावला होता की चिपळूणचं घर भाड्याने द्या आणि कायमचे दुबईला, अल कुसैसच्या आमच्या घरी या. या खेपेला तर व्हिसाचे कागद तयार करून ठेवले होते, फक्त माझी सही बाकी होती. त्याला मी हवा आहे, की आई गेल्यावर बापाला एकटं ठेवलं तर लोक काय म्हणतील, म्हणून तो हे करतोय, ते मला कळत नव्हतं. ज्याला बाप घरात हवा असतो तो घराबाहेर राहण्याची कारणं शोधत नाही, असं माझं मत. आपल्याला कोणी कर्तव्य म्हणून पोसावं, ही कल्पनाच मला सहन होत नाही. परत जायचं हे मी मनात जवळजवळ पक्कं केलं होतं. फक्त जाण्याआधी एकदा त्याच्या तोंडून खरं ऐकायचं होतं. घरात ते शक्य नव्हतं. घरात तो ‘हो बाबा’ आणि ‘बरं बाबा’ यापलीकडे जात नसे.

एका शनिवारी जेवताना मी म्हणालो, “मला तुझा तो पब दाखव.”

“कुठला पब, बाबा?”

“जिथे तू दर शुक्रवारी ओव्हरटाइम करतोस तो.”

सूनबाई ताटावरून उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथे खूप वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या. हसण्याचा आवाज तरीही येतच होता. नात म्हणाली, “आजोबा, यू आर सो कूल!” चिरंजीवांचा घास हातातच राहिला.

“बाबा, तिथे फॅमिलीवाले नाही येत हो. सगळा ऑफिसचा क्राउड असतो.”

“मग मी ऑफिसचा क्राउड म्हणून येतो.”

“यल्ला, जा दोघं,” सूनबाई आतून म्हणाल्या. “आल्यावर चहा करते.”

मेट्रोने बर दुबईला गेलो. वाटेत तो माझ्याशी हवामानाबद्दल बोलत होता. तिथे हवामान एकच असतं, त्यामुळे विषय लवकर संपला. स्टेशनबाहेर उन्हाने डोळे दिपले. दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर एक जुनं हॉटेल होतं आणि त्याच्या तळमजल्यावर हा पब. जड लाकडी दार ढकलून आत गेलो तर एकदम संध्याकाळ. काळपट लाकडाच्या भिंती, पितळी कठडे, नक्षीचं छत, गॅसबत्तीसारखे दिवे आणि खिडक्यांच्या काचांवर कोरलेल्या द्राक्षांच्या वेली. इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या काळी गल्लीच्या कोपऱ्यावर असे पब असत, हा तसाच्या तसा बांधलाय, असं मुलाने हळू आवाजात सांगितलं. तो देवळात आल्यासारखा कुजबुजत होता. बाहेर एवढं लख्ख ऊन असताना मुद्दाम पैसे खर्चून लंडनची ढगाळ हवा उभी करणाऱ्यांचं मला कौतुक वाटलं.

टेबलाशी बसलो. बराच वेळ कोणी आलंच नाही. मी माझ्या मैदानावरच्या आवाजात “अरे, कोणी आहे का?” म्हणालो. सगळा पब वळून बघायला लागला.

“बाबा, प्लीज. इथे आपण काउंटरवर जाऊन घ्यायचं असतं.”

“मग आधी सांगायचं!” मी उठलो. त्याने मला थांबवायचा प्रयत्न केला, पण मी कोणाचं ऐकतो होय? काउंटरमागे एक नेपाळी मुलगी होती. मी हिंदीत माझ्यासाठी लिंबू सोडा मागितला आणि मुलाकडे बोट दाखवून म्हणालो, “और वो साहब जो लेते हैं, वो.” तिने त्याच्याकडे बघून ओळखीचं हसू दिलं. “सर, सेम?” तिने इतक्या सहज विचारलं की चिरंजीवांचे कान लाल झाले.

दोन्ही ग्लास मीच टेबलावर आणले. बिअरचा उंच ग्लास त्याच्यापुढे ठेवला. “घे.”

त्याने हात लावला नाही.

“अरे, मी सांगतोय ना!”

“नाही होत, बाबा.”

“परवानगी दिली तरी?”

“परवानगीचा प्रश्नच नाहीये. हातच उचलत नाही.”

फेस हळूहळू खाली बसला. शेजारच्या टेबलावरची मंडळी चोरून बघत होती. मला राग यायला लागला होता. तीस पोरांना एका शिट्टीत रांगेत उभं करणारा मी, आणि माझा स्वतःचा मुलगा माझ्यासमोर मोकळा बसू शकत नाही. एवढी मेहनत करून इथवर आलो, तर इथेही ‘हो बाबा’ आणि ‘नाही बाबा’. माझा लिंबू सोडा संपला तरी आमचं एक वाक्य धड झालं नव्हतं.

ती नेपाळी मुलगी टेबल पुसायला आली. भरलेला ग्लास, माझा चेहरा, त्याचा चेहरा असं सगळं तिने एकदा पाहून घेतलं. “अंकल, उधर बैठिए ना,” ती म्हणाली आणि आम्हाला काउंटरच्या टोकाशी घेऊन गेली. तिथे दोन अरुंद कप्पे होते. प्रत्येकात एक स्टूल आणि मध्ये लाकडाचं पार्टिशन. बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर येईल अशा उंचीवर पार्टिशनमध्ये एक कोरीव नक्षीची धुरकट काच होती, लाकडी चौकटीत बसवलेली, आडव्या खिटीवर फिरणारी. तिने बोटाने ती उघडून आणि मिटून दाखवली. जुन्या काळी विलायतेत मालक आणि नोकर एकाच पबमध्ये येत, पण एकमेकांना पिताना दिसायचं नसे. मग मध्ये काच फिरवायची की झालं, असं तिने सांगितलं. नव्या माणसाला ती हे कौतुकाने दाखवत असावी.

मी खो खो हसलो. म्हणजे साहेबांनासुद्धा हा त्रास होता तर! आम्ही पिढ्यान्‌पिढ्या काचेशिवाय भागवलं, एवढाच काय तो फरक.

“बस पलीकडे,” मी मुलाला म्हणालो, आणि काच मिटून घेतली.

आता पलीकडे नुसता एक आकार दिसत होता. मग ग्लास उचलल्याचा आवाज आला, मग ठेवल्याचा, आणि मग एक लांब सुस्कारा. मला अगदी बरं वाटलं. आता वेळ घालवण्यात अर्थ नव्हता.

“मी इथे राहावं असं तुला खरंच वाटतं का?” मी विचारलं. “कर्तव्यबिर्तव्य सोड. माझा चेहरा दिसत नाहीये, तर खरं बोल.”

“खरं सांगू?”

“त्यासाठीच आलोय.”

“तुम्ही घरी असलात की मी दहावीत असतो, बाबा. लिफ्टमध्ये शर्ट खोचतो. सोफ्यावर पाय वर घेऊन बसत नाही. ऑफिसचा स्ट्रेस असला तरी तुमच्यासमोर चिडत नाही. म्हणून थोडा वेळ इथे येऊन बसतो.”

हे मला लागलं. पण मी मागितलेलंच मला मिळालं होतं. “मग सही करायला का सांगतोस?” मी म्हणालो. “मी गेलो की सुटशील.”

पलीकडे ग्लास बाजूला सरकवल्याचा आवाज आला.

“आई गेली त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही मला हॉस्पिटलमधून फोन केला होता,” तो म्हणाला. “मी उचलला नाही.”

“मीटिंगमध्ये होतास.”

“नव्हतो. इथे होतो. स्क्रीनवर तुमचं नाव बघितलं आणि आधी चूळ भरायला धावलो. चूळ भरली, वेलची खाल्ली, मग उलटा कॉल केला. तेव्हा तुम्ही म्हणालात, तिला बोलायचं होतं, पण आत्ताच आयसीयूत नेलं. फोनवर कुठे वास येतो, बाबा? पण मी गेलो चूळ भरायला. आईला बोलायचं होतं आणि मी चूळ भरत होतो. तुम्ही तिकडे एकटे राहिलात तर पुन्हा असाच फोन येईल, दुसऱ्या कोणाचा तरी. मला तो फोन घ्यायचा नाहीये.”

त्याच्यावर रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी त्याच्या जागी असतो, माझ्या वडिलांचा फोन असता, तर मीही आधी तोंड धुतलं असतं. त्यात आपण काही चूक करतोय, हे मला सुचलंही नसतं. दोन वर्षं हा मुलगा हे पोटात ठेवून हिंडत होता, आणि मी त्याची बडीशेप ओळखून स्वतःवर खूश होत होतो. मला फार वाईट वाटलं.

मी काच फिरवली. त्याने मला पाहिलं आणि ग्लास झटकन काउंटरखाली घेतला. डोळे लाल होते आणि ते बिअरमुळे नव्हते.

“ती तुझा निरोप घेणार नव्हती,” मी म्हणालो. “मी फोन लावत होतो तेव्हा ती मला सांगत होती. म्हणाली, त्याला सांगा, धावत येऊ नकोस, दोन दिवसांत मला घरी सोडतील. रजा वाया घालवू नकोस, गणपतीला ये. तिला एवढंच बोलायचं होतं. आपण जातोय हे तिलाच माहीत नव्हतं.”

“खरंच?”

“मी तुझ्याशी कधी खोटं बोललोय?”

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती नेपाळी मुलगी हळूच काउंटरच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली. मी पार्टिशनच्या चौकटीतून हात घालून त्याच्या खांद्यावर ठेवला. त्याला असा हात लावून किती वर्षं झाली होती, मला आठवेना.

“उद्या ते कागद दे. सही करतो,” मी म्हणालो. “पण माझी एक अट आहे.”

“काय?”

“यापुढे माझा फोन आला की जसा असशील तसा उचलायचा.”

त्याने मान हलवली. मग काउंटरखालचा ग्लास वर आणला आणि माझ्याकडे बघत एक घोट घेतला.