लान्सनायक रडायला लागला

कंपनीत माझ्यासारखा जागता संत्री दुसरा न्हवता. म्हंजे मला हालवून जागं करता करता बाकीचे समदे जागे ऱ्हायचे.

पाकिस्तानची लढाई हुन वरीस-दीड वरीस झालेलं. आमच्या सेक्शनला नगरच्या पल्याड माळावर, फायरिंग रेंजच्या गार्डला टाकलं. चार तंबू, एक वायरलेस सेट, पान्याचा टँकर एक दिवसाआड. वर हवालदार. त्येला आमी उस्ताद म्हनायचो. कडक मानूस. माझ्या तंबूत माझ्याबरूबर बाबू. बाबू जामखेडकडचा, मी मिरजगावचा, त्यामुळं भावकीवानीच. त्येची खाट नवी इनलेली, ताठ. माझी खाट म्हंजे झोळी. त्या खाटंवर माझा लई डोळा.

आमच्यात एक कुत्रा हुता. पुढच्या पायावर एकच पांढरा पट्टा, हुद्द्याची फीत लावल्यावानी. म्हनून नाव पडलं लान्सनायक. मी साधा शिपाई, म्हंजे कुत्रा मला शिनियर. भाकरी वाढताना लांगरी, म्हंजे आमचा सैपाकी, आदी त्येला टाकायचा, मग मला. मी तक्रार केली तर उस्ताद म्हनला, "त्यो ड्युटी करतो."

दिवसाचं काम ठरलेलं. सकाळी पीटी, मग रायफल पुसायची, मग रेंजवरचं काडतुसाचं पितळ येचायला कुनी येतंय का बघायचं. रातच्याला दोन-दोन तासाची पाळी. लान्सनायक माझ्या पाळीबरूबर फिरायचा आन बाकीच्या वक्ताला चुलीच्या राखंत झोपायचा.

उन्हाळा लागला आन त्यो बदलला. राखंत झोपंना. रातच्याला आमच्या तंबूच्या तोंडाशी यायचा. भुंकायचा न्हाई. मान लांब करायचा, एक पाय वर धरायचा, आन बारीक आवाजात रडायचा. दोन पावलं मागं सरायचा, पुन्हा पुढं. नाकातनं फुर्र करायचा. दिवसा बघावं तर काय न्हाई, शेपटी हालवतोय.

कुत्रं रडलं म्हंजे कुनीतरी जानार, ह्ये आमच्याकडं पाळन्यातल्या पोराला बी ठावं. त्यावर इलाज बी ठावा. पायातलं पालथं घालायचं, की कुत्रं गप हुतं. माझी आजी तेच करायची, शेजारीन बी तेच करायची.

एका राती लान्सनायकानं लईच सूर धरला. मी उठलो, माझे बूट पालथे घातले आन परत झोळीत पडलो.

"बाबू, झालं. आता बग कसा गप हुतो."

कुत्रं आनखीच जोरात.

बाबू हासला. "सद्या, तुझ्या बुटाच्या वासानं रडतंय ते. थांब, माझे घालतो."

त्येनं खाटंवरनंच हात खाली घातला. बूट उचलला, पालथा केला. करकर असा आवाज आला, तापल्या तव्यावर पानी पडल्यागत. मग बाबू म्हनला, "चावलं."

कंदील मोठा केला. फुरसं. ईतभर लांब, मातीच्या रंगाचं. तंबूच्या कडंला दगड रचलेले, त्यात शिरलं.

उस्ताद आला. बाबूचा हात बघितला. मला म्हनला, "सेटवर जा. गाडी माग."

मी सेट धरला. स्विच दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं, येवढंच शिकवलेलं.

"हॅलो कंट्रोल, जवान को साप काटा, गाडी भेजो, ओव्हर. हॅलो कंट्रोल, गाडी भेजो, ओव्हर. अरे बोलो ना, ओव्हर!"

उस्तादनं माझ्या मनगटावर फटका मारला. "स्विच सोड, गाढवा!"

सोडला. तिकडनं आवाज आला, "रॉजर. गाडी निकल चुकी है. ये बंदा चुप होगा क्या? ओव्हर."

गाडी आली. बाबूच्या हिरड्यांतनं रगत याय लागलेलं. स्ट्रेचरवरनं मला म्हनला, "सद्या, माझी खाट घेशील तर बग."

दवाखान्यात सुया दिल्या, रगत दिलं. चौथ्या दिवशी बाबू गेला.

तंबूत मी आन दोन खाटा. मी झोळीतच झोपलो. डोक्यात एकच, कुनाचं तरी नरडं धरायचं. फुरसं घावंना. दगड उचलून बघितले, काय न्हाई. मग म्हनलं, ह्या कुत्र्यानंच वढून आनलं मरान. ह्येलाच खलास करतो.

उस्तादला म्हनलं, "एक राऊंड द्या."

"कशाला?"

"कुत्र्याला घालतो."

"तू नेम धरलास तर मलाच लागंल. जा."

मग लान्सनायकाला टँकरच्या केबिनमदी घातला आन नगरच्या नाक्यावर सोडून आलो. येताना टँकर पंक्चर. कॅम्पवर पोचलो तर कुत्रा माझ्या आदी पोचलेला. लांगऱ्यानं त्येला भाकरी घातली आन माझी संपली म्हनला.

त्याच राती पुन्हा रडनं. आता तंबूच्या आत, माझ्या ट्रंकंपाशी. मी बारीक कंदिलाच्या उजेडात फावडं घेतलं. म्हनलं, आज तुझी फीत उतरवतो. फावडं डोक्याच्या वर उचललं. लान्सनायकानं माझ्याकडं बघितलं बी न्हाई. मान लांब, एक पाय वर, नजर ट्रंकंखाली.

करकर.

मी कवा उडी मारली मला ठावं न्हाई. बगतो तर बाबूच्या खाटंवर उबा. खाली कुत्रा एकटा. फुरसं भाईर निगालं की ह्यो आडवा जायचा. ते तोंड मारायचं, ह्यो मागं सरायचा. परत आडवा. त्येला दगडात जाऊ दीना. मी वरनं फावडं हानलं, कंदील फुटला. दुसरं हानलं, माझीच ट्रंक चेपली. उस्ताद टॉर्च घिऊन आला तवा तिसरं बसलं.

मग मी खाली उतरलो. हानत ऱ्हायलो. फुरसं कवाच मेलेलं. मी हानतच हुतो.

उस्तादनं दांडा धरला. "बस. मेलं ते."

"बाबू बी मेला, उस्ताद."

त्यो म्हनला, "त्येला चावलेलं ह्येच हुतं कशावरनं?"

दुसऱ्या दिवसापासनं लान्सनायकाला घिऊन माळावरचा एक एक धोंडा उलटा केला. त्यो जितं पाय उचलायचा तितं मी फावडं घालायचो. कैक मारली. पोट भरलं न्हाई. आज बी करकर ऐकली की हात फावडं हुडकतो.

कॅम्प उठला तवा मी सुट्टी घेतली आन कुत्र्याला घिऊन जामखेडच्या यष्टीत बसलो. कंडक्टरनं त्येचं बी तिकीट फाडलं. बाबूच्या आईच्या दारात गेलो. भिंतीपाशी बाबूचे बूट हुते, कंपनीनं पोचवलेले, पॉलिश तसंच. लान्सनायकानं ते हुंगले, एकदा आत नाक घातलं, आन शेजारी पसरला. रडला न्हाई.

बाबूच्या आईनं खाट टाकली. मी ऐसपैस बसलो आन समदं सांगितलं. लढाई मारून आल्यागत हातवारे करून सांगितलं. शेवटी म्हनलं, "मावशे, तुझ्या बाबूचा बदला घेतला मी."

तिनं समदं ऐकून घेतलं. कुत्र्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बदला ह्येनं घेतला. तू तवा बी खाटंवर हुतास, आन आता बी खाटंवरच हायस. उतर खाली, त्येला भाकरी घाल."