फाटक्या आवाजाचा कारागीर

कानाच्या बाबतीत माझ्या मावसदिरांइतका हट्टी माणूस ठाणे स्टेशनच्या पूर्वेला झाला नाही, आणि पश्चिमेला तर होणारच नव्हता, कारण पश्चिमेला आम्ही राहत होतो आणि आम्हाला सगळं आधीच कळत होतं. भाऊजी कोपरीत राहायचे, एका कारखान्यात वीजविभागात नोकरी करायचे आणि उरलेल्या वेळात जगाचे आवाज तपासायचे. आमच्या नौपाड्याच्या घरी आले तर बेल दाबत नसत. बेलचा आवाज ‘ओला’ आहे म्हणून खालूनच हाक मारत, "वहिनी, मी आलोय." आवाजांसाठी त्यांनी आपली विशेषणं घडवली होती. ओला, गोल, पिठूळ, आणि सर्वांत वरचा मान म्हणजे काटेरी. जेवता जेवता हात थांबवून म्हणायचे, "तुमचा मिक्सर गोल वाजायला लागलाय. आठवडाभर टिकेल." तो पाचव्या दिवशीच बंद पडला, तेव्हा दोन दिवस चुकल्याबद्दल त्यांनी माझी माफी मागितली होती. मुलगी बघायला गेले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुम्ही शिंकता कशा?" जाऊबाई सांगतात, की त्या चिडून "कशा म्हणजे?" म्हणाल्या आणि त्या आवाजावरच लग्न ठरलं.

अशा माणसाच्या हाती रॉक बँड लागला, याला मी योगायोग म्हणणार नाही. ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं. कोपरी आणि कोळीवाड्यातले चार तरुण शाळेच्या रिकाम्या वर्गात रविवारी सकाळी तालीम करायचे. गाणी स्वतःच रचत, इंग्रजीत; ते इंग्रजी ऐकणाऱ्याला कळत नसे आणि गाणाऱ्यालाही. म्होरक्या होता कोळीवाड्यातला एक गिटारवाला, त्याला सगळे नाखवा म्हणत. भाऊजींना ना गाता येत होतं ना वाजवता. पण त्यांनी प्लायवूडच्या खोक्यात एक अॅम्प्लिफायर बांधला, ट्रंकेएवढा, आणि त्यातून गिटारचा आवाज असा फाडून बाहेर काढला की समोरच्या इमारतीतले लोक खिडकीत यायचे. सगळं जग आवाज फाटू नये म्हणून धडपडतं, हे मुद्दाम फाडत. त्या खोक्याला ते पेटारा म्हणत. पेटाऱ्यामुळे बँडच्या फोटोत ते पाचवे असायचे, कडेला, एक हात पेटाऱ्यावर ठेवून. कारखान्यात त्यांना कोणी फोटोत घेतल्याचं मला आठवत नाही.

आता माझ्याबद्दल. तेव्हा मी पस्तिशीची, गायनाच्या परीक्षा दिलेली आणि एका स्थानिक साप्ताहिकात संगीतसमीक्षा लिहिणारी बाई होते. माझा गळा मध्यम होता, मत मात्र कायम वरच्या पट्टीत. कोपरीच्या गणेशोत्सवात या बँडचा कार्यक्रम मी पंधरा मिनिटं ऐकला, त्यातली दहा पदराने कान झाकून, आणि लिहिलं की काल भांड्यांच्या दुकानात भूकंप झाला, सुदैवाने जीवितहानी नाही. या वाक्यावर मी आठवडाभर खूश होते. भाऊजी तर पेढे घेऊन आले. "वहिनी, तुम्हाला आवडलं असतं तर मला काळजी वाटली असती," म्हणाले, आणि ते कात्रण त्यांनी पेटाऱ्याच्या आतल्या बाजूला चिकटवलं.

पुढच्या वर्षी बँडचा आवाज बदलला. नाखव्याची आत्या धवलारीण होती, म्हणजे लग्नात धवले गाऊन विधी पार पाडणारी. तिची गाणी ऐकत वाढलेल्या त्या पोराला एका रविवारी वाटलं, की आपण परक्या भाषेत कशाला ओरडतोय. त्याने गिटारची वायर काढली. आपल्या बोलीत, आत्याच्या चालींवर, हलक्या हाताने गाणी सुरू केली. चाहते खवळले. चाहते म्हणजे कोपरी-नौपाड्याचे वीसेक जण आणि डोंबिवलीहून येणारे दोघे भाऊ, जे सगळ्यांत कडवे होते. त्यातल्या मोठ्याचं म्हणणं, "शब्द कळायला लागले, मग रॉक कसला? उद्या लोक अर्थ विचारतील."

आपल्याकडे माणसं रागावली की सभा घेतात. ही आमच्या दिवाणखान्यात झाली, कारण खुर्च्या आमच्याकडे होत्या. रीतसर अध्यक्ष, प्रास्ताविक आणि ठराव: ही सभा बँडच्या बदललेल्या आवाजाबद्दल तीव्र नापसंती व्यक्त करते आणि मूळ आवाज तत्काळ पूर्ववत करावा अशी मागणी करते. अक्षर चांगलं म्हणून इतिवृत्त माझ्याकडे. नाखव्यालाही बोलावलं होतं. ज्याचा निषेध करायचा त्यालाच बोलावू नये हे कुणाला सुचलंच नाही. ठराव मांडला गेला, पण त्याच्या तोंडावर अनुमोदन द्यायला कोणी पुढे येईना. शेवटी तोच म्हणाला, "मी देतो अनुमोदन. पन आदी आयकून घ्या."

आणि तो गायला. नुसती गिटार मांडीवर, वायर नाही, काही नाही. हळद लागलेल्या मुलीचं गाणं होतं. डोंबिवलीचा मोठा भाऊ खाली बघत बसला. गाणं संपल्यावर भाऊजी म्हणाले, "ते ठीक आहे रे. पण यात माझा पेटारा कुठे बसवायचा?"

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी. शिवाय मी ते छापलं: एका रसिकाचा मूलभूत आक्षेप असा, की नव्या गाण्यात त्याच्या खोक्याला जागा नाही. त्या माणसाने भर सभेत आपलं काळीज काढून दाखवलं होतं आणि मला त्यात फक्त चांगला शेवट दिसला. या वेळी पेढे आले नाहीत. भाऊजीही आले नाहीत. गणपती गेले, दिवाळी गेली, खालून हाक नाही. घरचे म्हणाले, कामात असतील.

पौषात मीच कोपरीला गेले. जाऊबाईंनी आतल्या खोलीकडे बोट केलं. भाऊजी जमिनीवर बसले होते, पेटारा उघडा, तारा बाहेर. मी माफीची वाक्यं रिक्षात जुळवून आणली होती, पण त्यांनी ती बोलूच दिली नाहीत.

"नाखवा आलेला," ते म्हणाले. "त्याची आत्या बँडबरोबर गाणार आहे, डोंबिवलीला, मैदानावर. तिचा आवाज तिसऱ्या रांगेपुढे जात नाही. म्हणाला, काका, तुमीच करा."

"मग?"

"मग काय. इतकी वर्षं फाडायला शिकलो. आता आवाज न फाडता लांब न्यायचा म्हणजे सगळं उलटं करायचं. जमेना झालंय वहिनी. आत्या बोलली की हा अजून गुरगुरतो."

माघात तो कार्यक्रम झाला. आत्याबाई स्टेजवर खुर्चीत बसून गायल्या, म्हातारा, किंचित कापणारा आवाज, आणि तो मैदानाच्या शेवटी उभ्या असलेल्या शेंगदाणेवाल्यापर्यंत जसाच्या तसा गेला. वही पर्समध्ये होती, ती मी काढली नाही. संपल्यावर भाऊजी गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आले. "काय ऐकू आलं?"

"आत्याबाई," मी म्हणाले.

"आणि?"

"आणि काही नाही. पेटारा आहे हे कळलंसुद्धा नाही."

त्यांनी मान डोलावली. "म्हणजे जमलं," म्हणाले. मग मांडवाचे बांबू उतरवणाऱ्यांकडे बघत हळूच विचारलं, "अगदी थोडंसं पण नाही?"

मी खरं तेच सांगितलं, नाही म्हणून. समीक्षक होते ना मी. आज इतक्या वर्षांनी मला कळतं की त्या वेळी काय म्हणायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, हो भाऊजी, मधे एकदा, तिच्या वरच्या सुराला, अगदी किंचित काटा लागला होता. पण आता ते सांगावं अशी खालून हाक येत नाही, आणि घरातली बेल आता चिमणीच्या आवाजात वाजते.