खिडकीतली आई, दहापैकी नऊ

आमच्या दाजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, अख्खी गल्ली राजदूत म्हणते. कौतुकानं नाही. हा माणूस राजधानीत गाइड आहे. भर उन्हाळ्यातही अंगात काळा कोट, छातीवर पितळी बिल्ला, हातात पिवळी छत्री, आणि तोंडाचा पट्टा एकदा सकाळी सुरू झाला की संध्याकाळी पाचपर्यंत बंद नाही. ताईनं याच्यात काय बघितलं ते तिलाच ठाऊक. मला हा माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही. हे मी त्याच्या तोंडावर सांगून झालंय, तेव्हा पाठीमागे बोलते असं कुणी समजू नये.

पंचवीस वर्षांपूर्वी हे महाशय, मी आज कामाला आहे त्याच हॉटेलात, लिफ्ट चालवायचे. तिथेच त्यांनी पाच भाषा उचलल्या. शाळा नाही, पुस्तक नाही. तळमजल्यापासून सातव्या मजल्यापर्यंत पाहुणा जे बोलेल ते ऐकायचं आणि खाली येताना घोकायचं. म्हणून आजही याचं कुठलंही वाक्य सात मजल्यांच्या वर जात नाही. राजवाडा, पुतळा, लढाई, राणीचं दुःख, सगळं तेवढ्यात उरकतं. पाहुण्यांना ते फार आवडतं. मला विचाराल तर उथळ पाण्याला खळखळाट फार.

मी त्याच हॉटेलात नाश्त्याचा हॉल सांभाळते. बेचाळीस टेबलं, सकाळी सहाला दार उघडायचं, साडेदहाला बंद. प्रवासाला निघालेला माणूस किती हावरा होतो हे माझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल. घरी चहा-बिस्किटावर भागवणारा इथे चार अंडी रिचवतो, आणि वर दोन पाव कागदी रुमालात गुंडाळून पिशवीत टाकतो. टाक बाबा, टाक. पण मग तीच पिशवी मांडीवर घेऊन मला कशाला विचारतोस, की कॉफी इतकी पांचट का?

गेल्या मोसमात एक बाई आली होती, परगावची, पण आमचीच भाषा बोलणारी. डोक्यावर सदान् कदा निळी टोपी, जेवतानासुद्धा. मी तिचं नावच निळी टोपी ठेवलं होतं. तिच्याकडे एक वही होती आणि वहीत तीन रकाने: राहणं, खाणं, बघणं. प्रत्येक गोष्टीला दहापैकी गुण. रोज सकाळी ती मला टेबलापाशी थांबवून आदल्या दिवसाचा निकाल वाचून दाखवायची. जणू मीच राजवाडा बांधला होता!

"उशी, चार. दगड आहे दगड," ती म्हणाली. "रात्रीचं सूप, तीन. कोमट. राजवाडा, पाच. पायऱ्या फार. संग्रहालय, सहा. बसायला बाक नाहीत."

"बरं," मी म्हटलं. हातातली किटली जड होती.

"पण खिडकीतली आई मात्र नऊ."

"कसली आई?"

"तुम्हाला माहीत नाही? संग्रहालयामागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, हिरवी खिडकी. म्हातारी बिचारी रोज मुलाची वाट बघत बसते. तुमच्या गाइडनं दाखवली. माझे तर डोळे भरून आले."

संग्रहालयामागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, हिरव्या खिडकीत माझी आई बसते. मी तिच्याबरोबर त्याच घरात राहते.

"मग दहा का नाही दिलेत?" मी विचारलं.

"हसत होती ती. आम्हाला हात केला तिनं. वाट बघणाऱ्या बाईनं हसू नये. खटकतं ते."

किटली मी टेबलावर आपटली नाही. एवढाच काय तो संयम.

आता या मुलाचं सांगायला हवं. तो माझा धाकटा भाऊ. परदेशात हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतून काम करायचा, आज या देशात, उद्या त्या. बाबा दोन महिने अंथरुणाला खिळून होते. कळवून कळवून आम्ही थकलो, हा आला नाही. बाबा गेले, सगळं उरकलं, आणि तिसऱ्या दिवशी साहेब बॅग घेऊन जिन्यात उभे. आई आत झोपलेली. मी दारातच अडवलं. म्हटलं, बाप मरताना कुठे होतास? आता या घरात पाय ठेवायचा नाही. त्यानं बॅग खाली ठेवली होती, ती उचलली आणि निघून गेला. सात वर्षं झाली. ना पत्र, ना फोन. जुन्या पत्त्यावर चौकशी केली तर म्हणाले, काम सोडून गेला. त्या दिवसापासून त्याचा विषय आमच्या घरात बंद. बंद म्हणजे मी केला. आईनं काढलाच, तर मी ताटावरून उठायची.

आणि हे घरातलं दुखणं राजदूतसाहेब रोज चव्हाट्यावर मांडत होते!

दुसऱ्या दिवशी हॉल दुसऱ्या बाईकडे सोपवला आणि साडेनऊला गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. त्याचं असं आहे, की पाहुण्यांच्या बसला संग्रहालयापाशी साडेनऊनंतर थांबू देत नाहीत, आणि संग्रहालय उघडतं दहाला. म्हणजे रोज अर्धा तास पंचवीस-तीस माणसं त्या गल्लीत उभी, आणि गाइडनं काहीतरी बोललंच पाहिजे. इतर गाइड नळाच्या तोटीबद्दल बोलतात, दरवाज्याच्या कड्यांबद्दल बोलतात. आमचे दाजी छत्री वर करून माझ्या आईबद्दल बोलत होते, एकेका भाषेत, आमच्याही.

"ती आई बघा. तिचा मुलगा परदेशी आहे. हॉटेलात स्वयंपाकी आहे. डाव्या भुवईवर वण आहे, पातेल्याचा. ती रोज इथे बसते. त्याची वाट बघते."

सात मजल्यांची वाक्यं. भुवईवरचा वणसुद्धा विकायला काढला होता मेल्यानं. लोकांनी वर बघितलं, कॅमेरे वर झाले. आणि वर आई! केस नीट विंचरलेले, अंगावर ठेवणीतली शाल, आणि खुशाल हात हलवत होती. साडेनऊच्या सुमाराला ती अशी नटते हे मला कधी कळलंच नव्हतं, कारण त्या वेळी मी कायम अंड्यांच्या मागे असते. मला वाटलं, बिचारीला वाटत असेल लोक सहज नमस्कार करतात. लाजेनं मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

दुपारी तडक ताईच्या घरी गेले. दाजी जेवत होते.

"दाजी, लाज वाटत नाही? बायकोच्या आईचा तमाशा करता?"

"मेहुणीबाई, जेवू दे."

"जेवा हो. आमच्या घराची अब्रू चघळून पोट भरलं नसेल!"

ताई मध्ये पडली, तिला मी गप्प केलं. दाजींनी हात धुतले, पुसले. एरवी ज्याची जीभ टाळ्याला लागत नाही तो माणूस पंचाची घडी घालत बसला. मग इतकंच म्हणाला, "तुला नाही कळायचं. आणि मला सांगता येत नाही."

"सांगता येत नाही? तुम्हाला? उद्यापासून बंद करायचं ते."

"नाही करणार."

"मग बघतेच मी."

"बघ," तो म्हणाला. "पण एक लक्षात ठेव. त्याला जिन्यातून मी नव्हतं हाकललं."

हे वर्मी लागलं. तिथेच उभ्या उभ्या मी ठरवलं, याचा बिल्ला उतरवल्याशिवाय राहायचं नाही.

आमच्याकडे नियम असा, की हॉटेलातल्या नोकरानं गाइडविरुद्ध तक्रार करायची नाही. तक्रार फक्त पाहुण्याची चालते. पाहुण्यानं तक्रारवहीत लिहिलं की ते पान थेट गाइडांच्या कचेरीत जातं, आणि तिथे पाहुण्याचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. मी दुसऱ्या दिवशी निळ्या टोपीपुढे ताजी कॉफी ठेवली, तिला हवी तशी कडक, आणि हळूच म्हटलं, "बाई, ती गोष्ट बनवलेली आहे बरं का. वेळ घालवायला सांगतात."

तिच्या चेहऱ्यावर असं तेज आलं म्हणता! आयुष्यभर कोमट सुपावर तक्रारी केल्या, आता कुठे गरमागरम सापडली होती. दीड पान लिहिलं तिनं. मी शेजारी उभी राहून वाचत होते. शेवटी लिहिलं होतं: "ती आई खोटी आहे. पाहुण्यांना फसवण्यासाठी बसवलेली आहे."

मी हे असं सांगितलं नव्हतं. गोष्ट बनावट म्हटलं होतं, आई नाही. एक शब्द बोलले असते तर तिनं ती ओळ खोडली असती. मी बोलले नाही. वाटलं, लिहू दे, जितकं जहाल तितकं बरं. वही मीच नेऊन काउंटरवर दिली.

चार दिवसांत दाजींचा बिल्ला गेला, मोसम संपेपर्यंत. ताईनं माझ्याशी बोलणं टाकलं. काउंटरवर एक छापील सूचना लागली: संग्रहालयामागच्या गल्लीत खिडकीत बसणारी वृद्ध स्त्री बनावट आहे, पाहुण्यांनी भुलू नये. ती मी दोनदा वाचली आणि म्हटलं, चला, कटकट मिटली. आता कुणी वर बघणार नाही.

पुढच्या आठवड्यात माझी सुट्टी होती. कित्येक महिन्यांनी साडेनऊला मी घरी. आई शाल घेऊन खिडकीत बसली आणि मला म्हणाली, "ये, बस इथे."

बस आलीच. बस कशी बंद होणार? तो अर्धा तास तर होताच, आणि नव्या गाइडलाही काहीतरी बोलायला हवंच होतं. ती पोरगी छत्री वर करून आधी आमच्या भाषेत म्हणाली, "आणि ही बघा, आपल्या राजधानीची सुप्रसिद्ध खोटी आई!"

खाली हशा पिकला. आईनं हात केला. एका गृहस्थानं तिची नक्कल करत हात हलवला, बाकीचे आणखी हसले. आई थोडा वेळ हात तसाच धरून बसली, मग तिनं तो मांडीवर ठेवला.

"गेले काही दिवस असंच हसतात," ती म्हणाली. "राजदूत कुठाय गं? आजारी आहे का?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, आणि काय सांगू, ताठ मानेनं सांगितलं. तुझी अब्रू राखली म्हणून. आई ऐकत राहिली. मला वाटलं, आता डोक्यावरून हात फिरवेल.

"मीच सांगितलं होतं त्याला," ती म्हणाली.

"काय?"

"अगं, सात वर्षं या घरात त्याचं नाव काढायची सोय नाही. मी काढलं की तू ताटावरून उठतेस. ताई रडायला लागते. मग म्हटलं, परक्यांना तरी सांगा. इतक्या देशांची माणसं येतात, सगळी हॉटेलात जेवणारी. कुणीतरी कुठेतरी त्याच्या हातचं खाईल. भुवई बघेल. म्हणेल, अरे, तुझी आई खिडकीत बसते." आईनं शाल सारखी केली. "तो वण सांगायला मीच सांगितला. राजदूत नको म्हणत होता. मी हट्ट धरला. तुला सांगायचं नाही अशी शपथही मीच घातली. तुला कळलं असतं तर तू खिडकीला खिळे ठोकले असतेस."

ठोकले असते. यात खोटं काही नाही.

"मी हसायची कशाला, माहितीय?" ती म्हणाली. "त्याला जाऊन सांगतील तर म्हणावं, आई रागावलेली नाही."

मला दाजी अजूनही आवडत नाहीत. तो कोट, ती छत्री, तो शहाणपणा, काही काही आवडत नाही. पण स्वतःचा बिल्ला गेला, बायकोच्या बहिणीनं घरात येऊन धिंडवडे काढले, तरी त्या बडबड्यानं म्हातारीला दिलेला शब्द मोडला नाही. आणि मी? मी माझ्या आईला काउंटरवर छापून खोटी ठरवली होती. जिन्यातून एकदा हाकललं होतं त्याला. आता त्याच्यापर्यंत जाणारी एकमेव वाटही मीच बंद केली होती.

खाली दहा वाजत आले होते. ती पोरगी छत्री उंच धरून माणसं गोळा करत होती. मी खिडकीची दोन्ही दारं भिंतीला आपटेपर्यंत उघडली आणि कमरेपर्यंत बाहेर वाकले.

"ए! ए निघालेल्यांनो! ही खरी आहे! माझी आई आहे ही!"

माणसं थांबली. कुणीतरी पुन्हा हसलं.

"हसतोस काय, हसायला काय झालं? ऐक! तिचा मुलगा हॉटेलात स्वयंपाकी आहे. डाव्या भुवईवर वण आहे. कुठे भेटला तर त्याला सांगा, बहिणीनं सांगितलंय. ये म्हणावं. मी चुकले म्हणावं!"

कितीजणांना कळलं कुणास ठाऊक. मला भाषा एकच येते. मग मी त्याचं नाव घेतलं. सात वर्षांत घेतलं नव्हतं, अर्धवटच निघालं.

आईनं मागून माझा पदर घट्ट धरला होता.

"नीट ऐकू गेलं नसेल त्यांना," ती म्हणाली. "पुन्हा घे."