गाडीचं पाणी बघून दिलेली मुलगी

माझ्या साडूंच्या मते जगात माणसांचे दोनच प्रकार होते: इंजिन गार राहावं म्हणून गाडीत कूलंट घालणारे आणि नळाचं पाणी घालणारे. जात, गाव, शिक्षण, पगार हे सगळे भेद त्यांना वरवरचे वाटत. दुसऱ्या प्रकारच्या माणसांशी ते बोलत, त्यांच्या मयतालाही जात, पण त्यांच्याशी सोयरीक करू नये असं त्यांचं ठाम मत होतं, आणि दुर्दैवाने ते त्यांनी अमलातही आणलं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. घर पेणला, रामवाडीत. नोकरी डोलवीच्या एका कंपनीत, यंत्रं गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपांवर. निवृत्त झाल्यावर पंप हातचे गेले आणि सगळी माया दारातल्या जुन्या पांढऱ्या गाडीवर आली. चहाच्या आधी, इंजिन गार असताना, बॉनेट उघडून कूलंटच्या बाटलीतली पातळी दोन रेघांच्या मध्ये आहे की नाही हे बॅटरी मारून बघायचं, मगच तोंड धुवायचं. इंजिन तापलेलं असताना कुणी रेडिएटरच्या झाकणाला हात लावला तर ते त्याचं मनगट चोराचं धरावं तसं धरत. माझ्या वडिलांच्या दहाव्याला आम्ही रोह्याला कुंडलिकेच्या घाटावर उभे होतो. पिंडाला कावळा शिवत नव्हता. सगळे हात जोडून आभाळाकडे बघत होते, आणि साडू माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "भाऊ, कूलंट कधी बदललंत?" मी गांगरून म्हटलं, "हिरवं होतं बहुतेक." तर त्या माणसाने वडील गेलेल्या साडूला घाटावर समज दिली. "रंग नका सांगू. रंग कंपनी वाटेल तो देते. डब्यावर काय लिहिलंय ते वाचायचं, गाडीच्या पुस्तकात काय सांगितलंय ते बघायचं. जुन्या रेडिएटरला नवीन जातीचं घातलंत किंवा दोन जाती एकत्र केल्यात, की आत चिखल होतो. आणि पातळ करायचं ते डिस्टिल्ड वॉटरनेच. बोअरचं पाणी म्हणजे गाडीला मुतखडा." तेवढ्यात कावळा शिवला. वडील सुटले, मी नाही सुटलो.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं, तोवर त्यांची मुलगी रेश्मा लग्नाला आली. आमच्या रोह्याजवळच्या वरश्याचं एक स्थळ मीच नेलं. मुलगा धाटावच्या कारखान्यात कामाला, बोलायला मोकळा, घरी थोडी भातशेती. महिनाभर दोघं फोनवर बोलत होती आणि रेश्मा घरात गुणगुणायला लागली होती, असं तिची आई सांगायची. बघण्याचा कार्यक्रम म्हणजे नुसता उपचार होता. पाहुणे आले, पोहे आले, आणि साडू बैठकीतून नाहीसे झाले. बाहेर जाऊन बघतो तर पाहुण्यांच्या गाडीचं बॉनेट वर आणि हे आत वाकलेले. बाटलीतलं पाणी गंजून चहासारखं झालं होतं. मुलगा मागोमाग आला आणि सरळ मनाने म्हणाला, "बोअरचं टाकतो आम्ही. चालतंय की, काय होत नाय."

साडू हात पुसत आत आले. पाहुणे गेल्यावर त्यांनी नकार सांगितला. माझी मेहुणी रडली, मी चिडलो. रेश्मा मात्र शांतपणे म्हणाली, "पप्पा, मला माणसाशी लग्न करायचं हाय. गाडीशी नाय."

"ज्याला वस्तू जपता येत नाय, तो माणूस काय जपणार?" साडू म्हणाले. हे वाक्य त्यांना फार आवडलं असावं, कारण पुढे वर्षभर ते सगळ्यांना ऐकवत होते.

मग पनवेलचं स्थळ आलं. त्या मुलाची गाडी कापडी आच्छादनाखाली असायची. इंजिन असं, की त्यावर भाकरी ठेवून खावी. कूलंट योग्य जातीचं, योग्य पातळीला, बदलल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठीसुद्धा आत चिकटवलेली. साडूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगी दिली त्या दिवशी आलं नव्हतं एवढं.

जावई खरोखरच सगळं जपत होता. सोफ्यावरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं. ओल्या केसांनी गाडीत बसायचं नाही, खिडकी उघडायची नाही, त्याला विचारल्याशिवाय शेजारी जायचं नाही. रेश्माची नोकरी सुटली, मग मैत्रिणी सुटल्या. फोन करायची तेव्हा तो खोलीत असे. एकदा माहेरी आली असताना तिने बापाला सांगायचा प्रयत्न केला. मी तिथेच होतो. साडू म्हणाले, "शिस्तीचा हाय तो. जरा सांभाळून घे." तिने मान खाली घातली आणि ताटातला वाल निवडत बसली. मग ती काही बोलायचीच बंद झाली.

एके सकाळी तिचा आईला फोन आला, "मला न्यायला या." मी कामानिमित्त पेणमध्येच होतो. साडूंनी किल्ली घेतली आणि मला हाक मारली. बॉनेट उघडलं नाही. पनवेलला पोचलो तेव्हा जावई खाली मऊ फडक्याने गाडी पुसत होता. तो हसून म्हणाला, "पप्पा, बसून बोलू ना. मी काय कमी केलंय तिला?" साडूंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "तिची बॅग कुठाय?" एवढंच विचारलं. रेश्मा जिना उतरून आली. तिच्या ओठाच्या कडेला रक्त काळं पडून सुकलं होतं, आणि ते ओढणीने झाकायचीही तिने तसदी घेतली नव्हती.

परतीच्या वाटेवर खारपाड्याच्या पुलाअलीकडे गाड्या तुंबल्या होत्या. रस्त्याचं काम चालू, वर ऊन, धूळ. कडेला एकेक गाडी वाफा सोडत उभी. आमच्या गाडीचा तापमानाचा काटा मात्र जागचा हलला नाही. काही बघायला, तपासायला, दुरुस्त करायला नव्हतं. साडूंना समोर बघत नुसतं बसून राहावं लागलं. पुढच्या गाडीतला एक माणूस उतरला आणि फडकं घेऊन तापलेल्या रेडिएटरच्या झाकणाला हात घालायला लागला.

"पप्पा, त्याचा हात भाजेल. सांगा त्याला," रेश्मा म्हणाली.

"मी कोण सांगणारा?" साडू म्हणाले.

मग तीच उतरली. "दादा, थांबा. गार होऊ द्या आधी, नायतर उकळतं पाणी अंगावर येईल," असं त्या अनोळखी माणसाला समजावून, त्याला बाजूला सावलीत उभं करून ती परत आली. दार लावलं. गाड्या बराच वेळ हलल्या नाहीत. साडू स्टिअरिंगकडे बघत म्हणाले, "मी पाठवलं तुला तिथं."

"व्हय," रेश्मा म्हणाली. मला वाटलं होतं, ती म्हणेल की तुमचा काय दोष. ती म्हणाली नाही, आणि ते बरोबरच होतं.

वरश्याच्या त्या मुलाचं लग्न कधीच झालं होतं. बाजारात भेटला की हात करतो. बायको स्कूटरवर मागे बसलेली असते, दोघं कशावरून तरी हसत असतात. साडूंकडे दिवाळीला गेलो तेव्हा त्यांना जरा बोलतं करावं म्हणून मी मुद्दाम विचारलं, जुन्या गाडीला कुठलं कूलंट चांगलं. "मेकॅनिकला विचारा, भाऊ," ते म्हणाले आणि चहाचा कप सरकवला. एके काळी हा माणूस बोलायचा थांबावा म्हणून मी नवस बोललो असतो. त्या दिवशी तो बोलावा म्हणून बोललो असतो.

रेश्मा आता पेणला एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. दुपारी साडू तिचा डबा घेऊन चालत जातात. मागच्या आठवड्यात मी तिथून जात होतो, तर दोघं बाहेरच्या बाकावर बसलेली दिसली. ती जेवत होती, ते रस्त्याकडे बघत होते. जेवून झाल्यावर तिने डबा बंद केला आणि म्हणाली, "निघा आता, ऊन वाढतंय."

"निघतो," साडू म्हणाले, आणि तिथेच बसून राहिले. तिने घड्याळ पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि मग तीही थोडा वेळ उठली नाही.