सिद्रामच्या आज्जाचा आवाज

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. आईपाशी नाही, बायकोपाशीही नाही.

महाबळेश्वरला माझे वडील हॉटेलात भांडी घासायचे. पावसाळ्यात हॉटेल बंद, की आमची चूलही जेमतेम पेटायची. त्याच हॉटेलच्या टीव्हीवर, दाराआड उभं राहून, मी एक इंग्रजी अंतराळाची मालिका पहिल्यांदा बघितली. तिच्यापायी इंग्रजी शिकलो, घराण्यातला पहिला पदवीधर झालो. याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही. लपवलं ते दुसरंच.

सांगलीच्या कॉलेजात सिद्राम भेटला. जतचा, धनगराचा पोरगा, त्याच मालिकेचा वेडा. मालिकेतले तुकडे घेऊन आम्ही त्यांवर मराठी आवाज चढवायचो. संवाद माझे, आवाज त्याचा, इंटरनेटवरचं चॅनेल दोघांचं. वाळवंटी ग्रहावरच्या म्हाताऱ्या सरदाराला मात्र त्यानं आपल्या आज्जाचा आवाज दिला. आज्जाला वाचता येत नव्हतं. पडद्याकडं बघून मनाला येईल ते बोलला — "आवं, ते इमान तिकडं घ्या की! मेंढरं बुजत्यात!"

लोकांनी डोक्यावर घेतलं. पोरं कमेंटमध्ये तसंच बोलू लागली, कुणी सरदाराची चित्रं काढली, कुणी त्याच्या पुढच्या गोष्टी लिहिल्या. आणि माझे घासूनपुसून लिहिलेले संवाद? त्यांच्याबद्दल एक अक्षर नाही.

मग कळलं, मालिकेची कंपनी मराठी रूपांतर करायला माणूस शोधतेय — चाहत्यांमधूनच. तेव्हापासून सिद्राम फोन आला की बाहेर जायचा. विचारलं तर म्हणायचा, "घरचा हाय रं, गड्या." घरच्यांशी कुणी इंग्रजीत बोलतं? मी इंग्रजी ऐकलं होतं — का ऐकल्यासारखं वाटलं होतं? आज शपथेवर सांगता येणार नाही. पण कंपनी त्यालाच घेणार, असं तेव्हा मनानं घेतलं.

मी काय केलं? कंपनीचा माणूस असल्याचं भासवून, खोट्या नावानं, आमच्याच चॅनेलवर मालिकेचे तुकडे चोरल्याची तक्रार केली. एका तुकड्यावर नाही — सगळ्यांवर. चॅनेल उडालं.

आज्जा त्याआधीच वारला होता. त्याचं मूळ रेकॉर्डिंग ज्या फोनात होतं, तो सिद्रामच्या हातून पाण्याच्या टँकरात पडलेला. म्हणजे आज्जाचा आवाज उरला होता तो चॅनेलवरच. आणि हे मला माहीत होतं. तक्रार करताना — माहीत होतं.

सिद्राम होस्टेलच्या पायरीवर बसून म्हणाला, "कंपनीला काय मिळालं रं? म्हाताऱ्याचा आवाज तेवढा हुता." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मोठ्या लोकांना काय पडलंय," असंही म्हणालो. मीच.

अजून त्याचा फोन येतो. मध्येच विचारतो, "कुणी केलं असंल रं?" मी त्याचा सूर तपासत राहतो — खरंच विचारतोय, की सगळं माहीत असून माझ्या तोंडून वदवून घेतोय?

पुढं मी माझे लिहिलेले संवाद कंपनीला पाठवले, आणि कंपनीनं मला निवडलं. आज त्या मालिकेचं मराठी मी करतो. प्रत्येक भागाच्या शेवटी नाव येतं — माझं, एकट्याचं.