टॉवेलचे हंस

२०१८ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. बायको जाऊन वर्ष झालं, म्हणून मुलाने मला आलिशान जहाजावर फिरायला नेलं. माझी खोली वेगळी, सज्जावाली, पलंगावरून समुद्र दिसणारी. पूर्वी एकदा हिच्याबरोबर अशाच जहाजावर गेलो होतो, तेव्हा आम्हा दोघांची खोली बिनखिडकीची होती, पण मला अजून तीच मोठी वाटते.

या जहाजांवर एक रीत आहे. संध्याकाळी खोलीवाला टॉवेल दुमडून त्याचं जनावर करतो आणि पलंगावर ठेवतो. हिच्याबरोबर गेलो तेव्हा हत्ती होता. "मोडू नका हो, बिचारा आत्ता कुठे बसलाय," म्हणत हिने पदरालाच तोंड पुसलं.

"खुळीच आहेस," मी म्हणालो होतो.

इथे दोन हंस होते, चोचीला चोच लावून. गोव्याचा खोलीवाला मला एकटा बघून ओशाळला.

"सॉरी हां काका, एक काढून घेतो."

"हात लावू नकोस," मी म्हणालो. मला कुणाची कीव नको होती.

मग सज्जात बसलो. समुद्र ही एकट्याने बघायची गोष्टच नाही. "अगं, ते बघ" म्हणायला माणूस लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हंस पलंगाच्या कडेला तसेच बसलेले होते. मी अंघोळ केली. न्हाणीत टॉवेलांची चळत होती, तरी अंग धोतरालाच पुसलं.